आधी बाण

आमच्या घरी बुद्धमूर्तीशेजारी, मेणबत्त्यांच्या डब्याला टेकून, नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे असतो. वर भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ. औषध तिथे का ठेवलंय, असं पाहुणे विचारतात.

मुलाला पहिली आकडी आली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. डोळे वर गेले, दातखीळ बसली, हातपाय ताठरून झटके देऊ लागले. वस्तीतल्या कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी मुठीत किल्ली कोंबली, कुणी तोंडात चमचा घालायला धावलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी एकच घोकत होते: एवढ्याशा जिवाने कुणाचं काय वाईट केलं? शेजारच्या मावशी म्हणाल्या, "गेल्या जन्मीचं असतं गं बाई." दवाखाना गाठेपर्यंत अर्धा तास गेला.

पुढे डॉक्टरांनी समजावलं. कुशीवर वळवा, दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, आधी घड्याळ बघा. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं झाली, की तो आपणहून थांबेल या आशेवर राहायचं नाही. वजनानुसार ठरवून दिलेला डोस नाकात द्यायचा, १०८ला फोन करायचा. झटका लांबतो तशा मेंदूच्या पेशींवर हे औषध जिथे बसतं त्या जागा आत ओढल्या जातात, मग तेच औषध कमी लागू पडतं. अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

तेव्हा मला बुद्धाने मालुंक्यपुत्त या भिक्खूला सांगितलेली गोष्ट खरी कळली. विषारी बाण लागलेला माणूस म्हणाला, मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, धनुष्य कसलं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. तर उत्तरं मिळण्याआधीच तो मरेल. माझा प्रश्नही त्याच जातीचा होता. गेल्या जन्माच्या कर्माने या जन्मीचं दुःख ठरतं ही शिकवण बुद्धाची नव्हे, असं बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मांडलंय. ते मी वाचलेलं होतं, तरी लेकराला झटके येत असताना जुनंच मनात आलं. मावशींच्या त्या उत्तराने वेळ जातो, आणि आजारी लेकरू आरोपी ठरतं. हा अन्याय मला अजून सोसवत नाही.

गेल्या पावसाळ्यात रात्री सव्वादोनला पुन्हा झटका आला. त्याला कुशीवर वळवलं, सदऱ्याचं वरचं बटण सोडलं, काट्याकडे बघत बसले. पाच मिनिटं भरली. अर्धा डोस एका नाकपुडीत, अर्धा दुसरीत. नवरा फोनवर पत्ता सांगत होता. थोड्या वेळाने आवळलेली मूठ सैल पडली, एकेक बोट उलगडलं, श्वास संथ झाला.

ॲम्ब्युलन्स येईतो तो गाढ झोपला होता. त्रिसरण मी मग म्हटलं, हात त्याच्या छातीवर ठेवून.