आश्रय

नीरा आणि भीमा जिथे एकमेकींना मिळतात, त्या इंदापूर तालुक्यातल्या नरसिंहपुरात प्रल्हादाने पूजिलेली म्हणून परंपरेने जपलेली वाळूची मूर्ती पाहताना, साधकहो, आपले चित्त त्या बालभक्ताकडे आणि त्याच्यासाठी प्रकटलेल्या देवाकडे धावते. पण त्याच्याही आधी ज्या गर्भवतीला आश्रय लागला, ती त्याची माता कयाधू सहसा कुणाला आठवत नाही.

भागवताच्या सातव्या स्कंधात कथा येते, की तिचा पती, असुरराजा हिरण्यकशिपू तपाला गेला असता इंद्र तिला ओढून नेत होता आणि नारदांनी वाटेत सोडवून तिला आपल्या आश्रमात ठेवले. ती शत्रुपक्षाची राणी, तरी नारदांनी कूळ काढले नाही, दोष तोलला नाही. ज्ञान दिले, आणि प्रसूती केव्हा व्हावी हेही तिच्याच इच्छेवर सोडले. आश्रयाचा गाभा हाच असावा. नेसत्या लुगड्यानिशी, लेकरू कडेवर घेऊन दारात आलेल्या बाईला आपण मात्र आधी विचारतो, ‘तू काय बोललीस त्याला?’ आणि माहेरची माणसे दोन दिवसांत म्हणतात, ‘जा आता नांदायला.’ हा आश्रय नव्हे, मुक्काम झाला.

शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळातल्या निराधार स्त्रियांना आणले, तेव्हा अन्नावर न थांबता त्यांच्या हाती छपाई-विणकामासारखी कामे दिली. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याविषयी कुणाचे मत काहीही असो, हे आश्रयाचेच काम होते. पुणे जिल्ह्यातच वढू बुद्रुकला १९९७मध्ये सिस्टर ल्यूसी कुरियन यांनी पीडित स्त्रियांसाठी घर उघडले, त्याचे नाव ‘माहेर’.

पण आश्रय म्हणजे तिनेच घर सोडायचे, असे का धरावे? वाडा हिरण्यकशिपूचा होता, तरी देवाने प्रल्हादाला उचलून दूर कुठे नेले नाही. त्याच्याच सभेत, तिथल्याच खांबातून तो आला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे, त्याच दिशेने बोलतो: तिने मागितले, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागितले, तर आश्रयगृहाने जागा द्यायचीच, मात्र ती घरात राहू इच्छीत असेल तर मालकी नावावर नसतानाही कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही, आणि मारझोड करणाऱ्या पुरुषालाच घर सोडण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. घर सासऱ्याच्या नावावर आहे, हे उत्तर घरोघरी तयार असते; तसे घरही या कायद्यातले ‘सामायिक घर’, म्हणजे तिला राहण्याचा हक्क असलेले घर, ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितले आहे. रात्री-अपरात्री मदत मागायला १८१ हा क्रमांक आहे, आणि तो तिच्या शेजारणीनेही फिरवावा.