बाबा म्हणजे कोण?

तिगावची पोरगी ‘बाबानं’ म्हणाली, तर ती बापाबद्दल सांगत असते. हिंदीत बाबा म्हणजे आजोबा, नाहीतर साधू. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, पांढुर्णा-सौंसरचा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. घरात मराठी, कोर्टात हिंदी. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी अपील जबलपूरलाच जातं, आणि तिथं पोरगी नसते, तिच्या जबाबाचा कागद असतो.

घरातल्याच माणसानं केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात बहुतेकदा हा कागदच सगळं काही असतो. दार बंद, पाहणारं कोणी नाही. तक्रार होईस्तोवर महिने गेलेले, त्यामुळे डॉक्टरी अहवालही मुका. कायद्याचं तेवढ्यानं अडत नाही. साक्षीदार अमुकच संख्येनं हवेत अशी अट 1872च्या पुरावा कायद्यात नव्हती, 2023च्या साक्ष्य अधिनियमातही नाही. नागपूरच्या एका पोलीस उपनिरीक्षकाविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1990 साली सांगितलं, की पीडित स्त्री ही काही गुन्ह्यातली साथीदार नव्हे. तिची साक्ष जखमी साक्षीदाराच्या तोलाची.

अडतं ते विसंगतीपाशी. पोरगी आधी आईला सांगते, मग पोलिसांना, मग दंडाधिकाऱ्यांना, आणि बऱ्याच काळानं कोर्टात. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं अस्सल साक्षीदाराची कसोटी घालून दिली: पहिल्यापासून शेवटपर्यंत हकिकत एकच हवी. कसोटी वाजवी आहे. पण हकिकत बदलली कुणी, हे आधी विचारायला नको का? ‘माह्यासंग घाण चाळे केले’ याचं कुठं ‘छेड़छाड़’ होतं, कुठं ‘गलत काम’, जे बलात्कार म्हणून वाचलं जातं. तिला दिवस आठवतो तो पोळ्याचा, दगडफेकीच्या गोटमार जत्रेचा. कागदाला तारीख लागते, आणि लिहिणारा ती घालतो. पुढं उलटतपासणीत त्याच तारखेवरून तिला खोटं पाडतात.

दुसरा घोळ इज्जतीचा. 1983 सालच्या गुजरातच्या एका निकालात न्यायालयानं म्हटलं, की आपल्या समाजात मुलगी उगाच स्वतःवर असला कलंक ओढवून घेणार नाही. मला हा युक्तिवाद कच्चा वाटतो. ज्या इज्जतीपायी ती खोटं बोलणार नाही म्हणता, त्याच इज्जतीपायी, आणि कमावता माणूस तुरुंगात गेल्यावर चूल कशी पेटणार या धास्तीनं, ती साक्षीत फिरतेही. आई तर तिच्याआधी फिरते. फितूर साक्षीदाराची साक्ष पूर्ण बाद होत नाही, तिच्यातला विश्वासार्ह भाग घेता येतो, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. पण तो भाग निवडायचा तर पहिला जबाब तिच्याच शब्दांत हवा.

तशी सोय कायद्यात आहे. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम 38 प्रमाणे मुलाची साक्ष नोंदवताना दुभाषा घेता येतो. साक्ष मूळ भाषेतच उतरवून घेण्याची मुभा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. पण पांढुर्ण्यात मराठी सगळ्यांनाच कळते, म्हणून दुभाषा कुणाला सुचत नाही. लिहिणारा ऐकतो मराठीत, लिहितो हिंदीत.

यात आरोपीचंही हित आलं. पॉक्सोचं कलम 29 गुन्हा गृहीत धरतं खरं, पण मूळ घटना आधी सरकार पक्षानंच दाखवायची असते. शेतीच्या वाटणीवरून भांडलेल्या घरात पोरीनं मोठ्या बाबांबद्दल, म्हणजे बापाच्या थोरल्या भावाबद्दल, ‘वाईट केलं’ एवढंच म्हटलं, आणि कागदावर ‘गलत काम’ उतरलं, तर 2019च्या दुरुस्तीनंतर त्या दोन शब्दांमागं किमान वीस वर्षांची कैद उभी असते.