नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत आपण बाळाचे नाव ठेवतो आणि शेजाऱ्याला नावे ठेवतो. पहिली क्रिया संस्काराची, दुसरी निंदेची. ह्या दोहोंत वाटते तेवढे अंतर आहे काय, असा प्रश्न एका जुन्या नाटकाच्या नावावरून मनात येतो.

शेक्सपिअरने १५९० नंतरच्या काही वर्षांत 'द टेमिंग ऑफ द श्रू' हे सुखान्त नाटक लिहिले. 'श्रू' म्हणजे मुळात चिचुंद्री. तिचा दंश विषारी असतो, असा त्या काळच्या इंग्रजांचा समज होता. पुढे हा शब्द कोणाही दुष्ट माणसाला, पुरुषालाही, लावू लागले. अखेरीस तो भांडखोर बायकोच्या वाट्याला आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वासुदेव बाळकृष्ण केळकर ह्यांनी हे नाटक मराठीत आणिले, तेव्हा त्याचे नाव 'त्राटिका' असे ठेविले. चिचुंद्रीची राक्षसीण झाली. गणपतराव जोशी ह्यांच्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर गाजविले. लहानपणी लावून दिलेले लग्न न मानणाऱ्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने 'नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग भोगा' असे सांगितले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत मराठी प्रेक्षक त्राटिका वठणीवर आलेली पाहून हसत होता.

आता ही मूळची त्राटिका, म्हणजे रामायणातील ताटका, कोण? सुकेतू यक्षाची कन्या. तिचा पती सुंद मारला गेल्यावर ती संतापाने अगस्त्यांवर धावून गेली आणि त्यांच्या शापाने राक्षसीण झाली. स्त्री म्हणून तिला ठार मारण्यास रामाचाही हात प्रथम धजेना. एखादीला त्राटिका म्हणताना ह्यातले काहीच आपल्याला आठवत नाही. नाव राहते आणि तिचे दुःख गळून पडते.

नाटकात हे हसण्यावारी जाते. रायपुरात राहणाऱ्यांना मात्र ते तसे नेता येणार नाही. येथल्या एखाद्या गावात कोणाचे मूल दगावले की एकट्या विधवेकडे बोट दाखवून तिला 'टोनही' म्हणतात. मग बहिष्कार, मारहाण, प्रसंगी हत्या. ताटकाही विधवाच होती. छत्तीसगडने २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. छळासाठी पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद त्यात आहेच; परंतु एखादीला नुसते टोनही ठरविले, तरी तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. हात नंतर उगारला जातो, पहिला आघात नावाचाच असतो, हे कायद्याने ओळखले.

यावर कोणी म्हणेल, मग चोराला चोर म्हणू नये काय? शंका रास्त आहे. तथापि चोरी हे कृत्य आहे. त्याला पुरावा मागता येतो आणि आरोपीला आपली बाजू मांडता येते. त्राटिका किंवा टोनही हा स्वभावावर मारलेला शिक्का आहे. तो नाकारण्यासाठी ती बाई जितकी मोठ्याने बोलेल, तितका तो खरा ठरतो.

आपल्यापैकी पुष्कळांनी सरकारी नोकरीत इतरांच्या गोपनीय अहवालांवर शेरे लिहिले आहेत आणि स्वतःवरचे सोसलेही आहेत. 'अमुक काम मुदतीत केले नाही' ह्या शेऱ्याला उत्तर देता येते. 'भांडखोर' ह्या शेऱ्याला उत्तर दिले, तर ते भांडणच समजले जाते. बदलीच्या हुकुमामागोमाग तो शब्द रायपूरहून जगदलपूरला जातो, आणि नवा साहेब माणूस पाहण्याआधी शब्द वाचतो.

पडदा उघडण्यापूर्वी नाव ठरविण्याची मुभा नाटककाराला आहे, कारण पात्रे त्याचीच असतात. आपल्या हाताखालची आणि शेजारपाजारची माणसे आपली पात्रे नव्हेत. त्यांच्याविषयी लिहिण्याबोलण्याचा प्रसंग आलाच, तर घडले तेवढे सांगावे. नाव ठेवण्याचा मान बारशाच्या दिवशी आत्याचा असतो. तो तिच्याकडेच राहू द्यावा.