आधी कोणी उठायचं?

प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की आमच्या महिला सभेत एक विषय हमखास निघतो: राग सोडा, मन साफ करून मेजाकडे या. सांगणारीचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्यांत एखादी अशी बसलेली असते, जिच्या वाट्याची जमीन दिराने परस्पर आपल्या नावावर करून घेतलेली असते. तो दीरही त्याच मंडळीचा सभासद. तिला सगळ्या सांगतात, क्षमा कर. त्याला कुणी काही सांगत नाही. नगरकडच्या मंडळ्यांतच मी वाढले, तरी हे मला कधी पटलं नाही.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू रागाबद्दल जे शिकवतो, ते आपण अर्धंच ध्यानात ठेवतो. भावावर रागावणारा न्यायाला पात्र होतो, इथे आपण थांबतो. त्याच्या पुढेच वेदीपाशी अर्पण घेऊन उभा राहिलेला माणूस येतो. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, हे त्याला तिथे आठवतं. रागावलेला माणूस आहे तिकडे घरी. वेदीपाशी उभा आहे तो, ज्याच्यामुळे राग आला. आणि येशू उठवतो तो यालाच. अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ऐकणारे गालीलात होते, वेदी यरुशलेमात, काही दिवसांच्या पायवाटेवर. एवढं अंतर परत तुडवत जायचं, आणि तेही ज्याने दुखावलं त्याने!

पौल इफिसकरांना लिहितो ते याच्याशी जुळवून वाचायला हवं. राग येऊच देऊ नका, असं तो म्हणत नाही. सूर्य मावळायच्या आत तो मिटवा म्हणतो. मी एका मिशन इस्पितळात नर्स होते. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला सगळं सांगायचं: कुणाचं सलाईन चालू आहे, कुणाचा ताप उतरलेला नाही. भांडण मात्र पुढे द्यायचं नाही, ही आमच्या मेट्रनची शिस्त. डॉक्टर ओरडले, नातेवाइकांनी अपमान केला, तर त्याच माणसाशी ड्युटी संपायच्या आत बोलायचं. नाहीतर तो राग रात्रपाळीच्या मुलीवर निघतो, तिच्याकडून खाटेवरच्या पेशंटवर. पौलाचा सूर्यास्त मला असा कळला. शास्त्रात आणखी एक सूर्यास्त आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे, नाहीतर तो परमेश्वराकडे गाऱ्हाणं करील. संध्याकाळची मुदत देणेकऱ्यालाही आहे. आपण ती फक्त रागावलेल्या बाईला का लावतो?

आणि सगळा राग पाप नव्हे. सभास्थानात वाळलेल्या हाताचा माणूस समोर असताना लोक येशूवर दोष ठेवायला टपले होते. तेव्हा त्याने त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि त्यांच्या कठोर मनांमुळे तो दुःखीही झाला, असं मार्क एका दमात सांगतो. त्या रागातून त्याने केलं काय? हात बरा केला. येशूने मंदिरात केलेली सराफांच्या चौरंगांची उलथापालथ सगळ्यांना पाठ असते, पण मार्काच्या अकराव्या अध्यायात त्याआधी एक रात्र आहे. संध्याकाळी येशू मंदिरात जातो, सगळीकडे नजर टाकतो, आणि उशीर झाला म्हणून बारा जणांना घेऊन बेथानीला परततो. चौरंग उलथतात ते दुसऱ्या दिवशी. हा भडका नव्हता. पाहून, रात्र जाऊ देऊन केलेलं काम होतं. आमच्या घरांतल्या रागात मला नेमकी हीच रात्र हवी असते. ज्या नवऱ्याचा हात जेवणाच्या ताटावरूनच उठतो, त्याने मंदिराची साक्ष काढू नये.

बाप्तिस्म्याने स्वभाव धुऊन निघत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं आमच्या उपासनेत गायली जातात, आणि तेच टिळक किती शीघ्रकोपी होते हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात उघड लिहून ठेवलं. ते झाकलं नाही म्हणून आम्हां बायकांना त्या आपल्या वाटतात. जिचा देणेकरी अजून उठलेला नाही, तिला मी स्तोत्रसंहिता उघडून देते, एकशे नववं स्तोत्र. केवढे कडक शाप आहेत त्यात! मोठ्याने वाच म्हणते. देवापुढे सगळं ओतलं की शेजारणीपुढे, पोरांपुढे ओतायला कमी उरतं. क्षमा त्यानंतर, तिच्या वेळेने. जमिनीचा कागद तिने मागत राहावा. क्षमा केली म्हणून तो सोडायचा नसतो.

पाळकसाहेबांना आणि पंचांना मी एक विनंती केली आहे. पुढच्या प्रभुभोजनाआधी व्यासपीठावरून, राग कुणाच्या मनात आहे, हे विचारू नका. कुणाचं देणं कुणाकडे राहिलं आहे, ते विचारा, आणि त्यांना घरी जाऊन यायला वेळ द्या. भाकर तोवर झाकून ठेवता येईल.