उजेड पोचतो तिथवर

ढाणकी गावात ऊन लवकर चढतं. ते चढायच्या आत ओसरीवर येऊन बसा. माठातलं पाणी काचेच्या पेल्यात ओतून समोर ठेवा. पिऊ नका अजून. नुसतं पाहा.

पाणी नितळ आहे. पण हगवणीचा, काविळीचा जंतू असला तरी ते असंच नितळ दिसलं असतं. इथे थोडं थांबा. एक श्वास सावकाश घ्या, सावकाश सोडा.

आता अंगणातलं ऊन आठवा. बाजेवर टाकलेल्या गोधड्या, शिजवून पसरलेली हळद. उन्हाची ही शुद्ध करणारी ताकद घरातल्या बायांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. १८७७ साली डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी उन्हात ठेवलेल्या नळ्यांमध्ये जंतू वाढत नाहीत, हे प्रयोगाने दाखवलं.

तरी सूर्याचा सर्वांत जहाल अतिनील प्रकाश आपल्या अंगणात कधी उतरतच नाही. वरचं हवेचं आवरण तो अडवतं, म्हणून तर आपण जगतो. तोच प्रकाश आता ज्वारीच्या दाण्याएवढ्या एलईडीतून निघतो. २६० ते २८० नॅनोमीटर लांबीच्या त्याच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. डोळ्यांना आणि कातडीला इजा मात्र करतात. म्हणून तो दिवा बंद कप्प्यातच असावा.

तो प्रकाश जंतूवर पडतो तेव्हा काय होतं, ते मनात हळूहळू पाहा. डीएनएच्या साखळीत शेजारी बसलेले थायमिनचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात. अशा गाठी पुष्कळ झाल्या की जंतूला स्वतःची प्रत काढता येत नाही. तो पाण्यात तसाच असतो, पण त्याचा वंश थांबतो. मला यात फार मोठी शांतता वाटते. उकळी नाही, धूर नाही, औषधाचा वास नाही.

मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ इथे आठवतात. १९९२-९३ मध्ये भारतात आणि बांगलादेशात कॉलऱ्याची नवी जात पसरली, तेव्हा अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत बसून ते गावांतल्या पाण्याचा विचार करत होते. पाण्यात बुडवलेल्या अतिनील दिव्यावर थर साचतो आणि उजेड अडतो. म्हणून त्यांनी दिवा पाण्याच्या वर टांगला. खालून मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी वाहायचं, वीज लागायची ४० वॅटच्या आसपास. तो पाऱ्याचा दिवा होता. एलईडीत पारा नाही, आणि बटण दाबताच तो पूर्ण तेजाने लागतो.

आता पावसाळ्यातली पैनगंगा नदी डोळ्यांसमोर आणा. मातकट पाणी. मातीच्या एका कणाआड जंतू लपला, की उजेड त्याच्यापर्यंत पोचत नाही. आधी निवळणं, गाळणं, मग दिवा.

आणि तो उजेड पाण्यात मागे काहीच ठेवत नाही. क्लोरीन पाण्यात राहून राखण करतं, हा करत नाही. दिव्याखालून निघालेल्या पाण्यात पुन्हा बोटं बुडली, तर ते पुन्हा साधं पाणी.

हलकेच उठा. माठावरचं झाकण नीट बसलंय का पाहा, आणि लांब दांड्याचं ओगराळं खुंटीला अडकवा.