मुद्दाम हरणें हा उपकार आहे काय?

दिवसभराचें शेतांतलें काम आटोपलें, गुरें बांधलीं, जेवणें झालीं, म्हणजे पुष्कळ गांवांत चार स्नेही एखाद्याच्या ओसरीवर जमतात आणि दिव्याच्या उजेडांत पट मांडतात. कोठें बुद्धिबळ चालतें, कोठें फरशीवर खडूनें रेघा ओढून नवकंकरी किंवा वाघबकरी चालते. पैसा पणास लाविला नसेल व वेळेचें भान राखिलें असेल, तर अशा करमणुकींत दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु या निरुपद्रवी खेळांतूनही नीतीचा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आज वाचकांपुढें ठेवावा असें मनांत आहे. आपला सोबती खेळांत दुबळा असला, किंवा मानानें मोठा असला, तर त्याला बरें वाटावें म्हणून आपण जाणूनबुजून हरावें काय?

सारीपाट व बुद्धिबळ यांत मोठें अंतर आहे. सारीपाटांत कवड्या किंवा फांसे पडतात, आणि हरणारा दैवास बोल लावून मोकळा होतो. बुद्धिबळांत तशी सोय नाहीं. दोघांपुढें सोळा सोळा मोहरे, पट दोघांसही उघडा, झांकलेलें कांहीं नाहीं. हा खेळ सहाव्या शतकाच्या सुमारास आपल्या देशांत चतुरंग या नांवानें चालत असे. येथून तो इराणांत, तेथून अरबांच्या देशांत व पुढें युरोपांत गेला. ‘शह’ आणि ‘मात’ हे आपल्या तोंडचे शब्द त्याच वाटेनें फारशींतून परत आले आहेत. त्याच्या नियमांत पुष्कळ फेरफार झाले, तरी जो हरला तो आपल्याच चालीनें हरला, ही गोष्ट राहिली. म्हणूनच बुद्धिबळांतील हार मनास झोंबते, आणि म्हणूनच आपल्या मित्रास ती झोंबूं नये असें कोमल मनाच्या माणसास वाटतें.

मुद्दाम हरणाऱ्याचीं कारणें पाहिलीं तर तीं तीन प्रकारचीं आढळतात. कोणी भीतीमुळें हरतो. समोर सावकार किंवा पाटील बसला आहे, त्याची मर्जी जाईल असें त्याला वाटतें. कोणी कंटाळ्यामुळें हरतो. समोरच्यासाठीं विचार करण्याचे श्रम घ्यावेत इतकी त्याची किंमत त्याला वाटत नाहीं. आणि कोणी दयेनें हरतो. पहिल्या दोघांच्या वागण्यास कोणी सद्गुण म्हणणार नाहीं. खरा विचार तिसऱ्याचाच करावा लागतो.

दयाळू मनुष्य म्हणतो, “माझा मित्र संकटांत आहे. पीक बुडालें, घरांत दुखणें आहे. एका डावानें त्याचें मन हलकें होत असेल, तर लांकडाच्या राजाचें एवढें काय कौतुक?” हें बोलणें टाकाऊ नाहीं. मित्राच्या मनापुढें खेळांतील जय क्षुल्लक आहे, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु तो मित्र काय मागावयास आला होता? केवळ जय हवा असता तर घरीं एकट्यानें दोन्हीकडचे मोहरे हलवून त्यानें तो मिळविला असता. तो आला तो आपल्या सोबत्याच्या बुद्धीस आपली बुद्धि भिडवावयास. घटकाभर दुःख विसरावयाचें तें या भिडण्यांतच. सोबत्यानें आपली बुद्धि मागें ठेवून नुसता हात पुढें केला, तर तो मनुष्य एकटाच बसला आहे. फक्त त्याला तें कळलेलें नाहीं.

शिवाय खोटा जय हा खोट्या रुपयासारखा आहे. हातांत असेपर्यंत तो खऱ्यासारखाच दिसतो, आणि घेणारा बिचारा तो बाजारांत घेऊन जातो. आपण चांगले खेळतों असें समजून तो दुसऱ्या गांवच्या मंडळींत बसेल आणि चारचौघांत त्याची फजिती होईल. आणि कदाचित् एखाद्या दिवशीं त्याला खरें कळलें, तर एक डाव नव्हे, मागच्या साऱ्या संध्याकाळी त्याच्या दृष्टीनें नासतील.

मग दुबळ्यास आधार द्यावयाचाच नाहीं काय? अवश्य द्यावा, पण उघडपणें द्यावा. बलवान खेळगडी आरंभींच आपला वजीर किंवा एक हत्ती पटावरून काढून ठेवितो आणि मग उरलेल्या मोहऱ्यांनिशीं मनापासून खेळतो. शिकणाऱ्यास चाल परत घेऊं द्यावी, असेंही आधीं ठरवितां येतें. वाघबकरींत तर दोन्ही पक्ष मुळांतच विषम आहेत. वाघ थोडे, पण उडी मारून बकरी उचलणारे. बकऱ्या पुष्कळ, पण एकजुटीनें वाघांस कोंडणाऱ्या. हें वैषम्य दोघांच्याही डोळ्यांसमोर असतें आणि दुसऱ्या डावांत पक्ष बदलतां येतात, म्हणून त्यांत कोणाचाही अपमान नाहीं. मुलांबरोबर खेळणाऱ्या शिक्षकबंधूंनीं हें विशेष ध्यानांत धरावें. वजिरावांचून खेळणाऱ्या गुरुजींस मुलानें हरविलें, तर तो जय लहान असला तरी खरा असतो.

इतिहासांतील दोन गोष्टी येथें सांगण्याजोग्या आहेत. जॉन काक्रन नांवाचे एक स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यास असत, आणि त्यांची गणना त्या काळच्या नामांकित बुद्धिबळपटूंत होती. १८४८ सालच्या सुमारास त्यांची महेशचंद्र बंद्योपाध्याय या खेड्याकडील बंगाली ब्राह्मणाशीं गांठ पडली. पुढें कित्येक वर्षें ते दोघे एकमेकांशीं खेळले, आणि त्यांचे शेंकडों डाव आजही लिहिलेले सांपडतात. काक्रन यांनीं अधिक डाव जिंकले. महेशचंद्रांनींही पुष्कळ जिंकले. राज्य करणाऱ्या जातीचा बॅरिस्टर म्हणून महेशचंद्र भिडेनें हरत राहिले असते, किंवा खेडवळ म्हणून काक्रन यांनीं त्यांस हलक्या हातानें खेळविलें असतें, तर आज महेशचंद्रांचें नांव कोणास ठाऊक असतें? ज्या मांडणीस आतां ‘इंडियन डिफेन्स’ म्हणतात ती त्यांच्या डावांत आढळते.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. १९७६ सालीं रोहिणी खाडिलकर ही मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरली, आणि मुलीकडून हरावें लागतें म्हणून मोठा गिल्ला झाला. अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष माक्स यूवे यांनीं स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळतां येत नाहीं असा निर्णय दिला. तिच्यासमोर बसलेल्यांनीं ‘मुलगी आहे, जिंकूं द्या’ असें म्हटलें असतें, तर हा वाद उभा राहिला नसता, आणि पुढें येणाऱ्या मुलींस वाटही मोकळी झाली नसती.

आतां जो भीतीमुळें हरतो त्याच्याकडे पुन्हां वळूं. त्याला दोष देणें सोपें आहे. पण कर्जदारानें सावकारास मात द्यावी कशी? आमच्या मतें येथें अधिक जबाबदारी बलवानाची आहे. ज्याच्या हातीं जमीन, पैसा किंवा अधिकार आहे त्यानें हरल्यावर कपाळास आंठी घातली नाहीं, दुसऱ्या दिवशींच्या व्यवहारांत तो राग काढला नाहीं, तरच समोरचा मोकळेपणानें खेळूं शकतो. आपल्याला सहसा कोणीच हरवीत नाहीं असें ज्या मोठ्या माणसास आढळेल, त्यानें आपल्या बुद्धीचा अभिमान धरण्यापूर्वीं आपल्या मुद्रेचा विचार करावा. आणि ही गोष्ट पटावरच थांबत नाहीं. ज्यास रोज संध्याकाळीं मोठ्यांपुढें खोटें हरण्याची संवय लागली, तो पंचांच्या बैठकींतही आपलें खरें मत गिळून टाकितो. आणि मग विहिरीचा, वाटेचा किंवा शाळेचा निकाल एकाच्याच इच्छेनें लागतो.

जिंकणाऱ्यानेंही मर्यादा पाळावी. हरलेल्यास हिणवूं नये. डाव कोठें फिरला तें त्याला मागाहून दाखवावें. हरणाऱ्यानें पट उधळूं नये. आणि दोघांनींही घरीं जेवण निववून वाट पाहणाऱ्या माणसांची आठवण ठेवून वेळेवर उठावें. कारण मित्राचा मान राखतांना घरच्यांचा मान घालविणें हाही एक खोटाच डाव आहे.

तेव्हां आमचें उत्तर हेंच कीं, मुद्दाम हरणें हा उपकार नव्हे. मित्रास देतां येईल तें उघडपणें द्यावें. एकदां पट मांडला म्हणजे मग मात्र आपली पूर्ण बुद्धि त्याच्यापुढें ठेवावी. तो हरला तरी आपल्याला बरोबरीचा मानिलें गेलें, हें समाधान घेऊन तो घरीं जाईल. आणि ज्या दिवशीं तो जिंकेल, त्या दिवशींचा आनंद सर्वस्वीं त्याचाच असेल.