अंजिराचे झाड आणि आपली बाग



संत लूकच्या शुभवर्तमानात (१३:६-९) प्रभू येशूने फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला आहे. तीन वर्षे वाट पाहून मालक ते झाड तोडायला सांगतो. माळी मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागतो. त्या वर्षात तो काय करणार? झाडाभोवती खणून खत घालणार. तो अधिक पाणी मागत नाही, मातीची सेवा करण्याचे वचन देतो.

आपल्या पनवेलला पावसाळ्यात गाढी नदी दुथडी भरून वाहते. तरीही उन्हाळ्यात देहरंग धरणाचे पाणी तळाला जाते. पाणीकपात आणि टँकर आपल्याला नवे नाहीत. अशा दिवसांत आपल्या अंगणातील हिरवळीवर पाइप चालू असतो, तेव्हा जवळच्याच एखाद्या वस्तीत एक माता हंडा घेऊन टँकरची वाट पाहत असते. भर दुपारी विहिरीवर प्रभूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. आज तो त्या रांगेत उभा राहून आपल्याकडे मागत आहे. पिण्याचे शुद्ध पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात शिकवले आहे.

म्हणजे बाग करूच नये का? नाही. देवाने मानवाला बागेतच ठेवले, मशागत आणि राखण करण्यासाठी (उत्पत्ती २:१५). राखण म्हणजे काटकसरही. कोरफड, सदाफुली, बोगनवेल, कोरांटी, चाफा ही झाडे थोड्या पाण्यावर तग धरतात. बहावा तर ऐन उन्हाळ्यात फुलतो. रोपे जूनमध्ये लावावीत, म्हणजे पावसातच मुळे खोल जातात. पालापाचोळा जाळू नये, आळ्यात पसरावा. ओल टिकते आणि खतही होते. झाडाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर पाणी मुळाशी हळूहळू झिरपते. पाणी संध्याकाळी घालावे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी मोरीत न ओतता झाडाला द्यावे. सगळे अंगण फरशीने झाकू नये. पावसालाही जमिनीत शिरायला वाट हवी.

हिरवळ मे महिन्यात पिवळी पडली, तर पडू द्या. पहिल्या सरींनी ती पुन्हा उगवेल. शेजाऱ्याची तहान मात्र पावसापर्यंत थांबू शकत नाही.

प्रभू आपल्यालाही आणखी एका वर्षाची मुदत देत आहे. त्याने फळ शोधायला यावे, तेव्हा आपल्या बागेत त्याला हिरवळीआधी प्रीती दिसो. आमेन.